'अ हार्ड नट टू क्रॅक': अर्थ, वापर आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काहीही अवघड दिसलं की 'इट इज अ हार्ड नट टू क्रॅक' लिहून मोकळं व्हायचं, ही सवय मराठी माध्यमातून इंग्रजीकडे आलेल्या बऱ्याच मुलांना असते. शाळेत हा वाक्प्रचार पाठ झालेला असतो, अर्थ 'कठीण काम' एवढाच वहीत उतरवलेला असतो आणि मग तो निबंधापासून मुलाखतीपर्यंत सगळीकडे चालवला जातो. पण प्रत्येक कठीण गोष्ट या वाक्प्रचारात बसत नाही. ती कुठल्या प्रकारे कठीण आहे, हे आधी ओळखावं लागतं. खालची उत्तरं वाचताना एवढं एक सूत्र धरून ठेवा, बाकीचं आपोआप जागेवर बसेल.

याचा नेमका अर्थ काय?

सहजासहजी न सुटणारा प्रश्न, किंवा सहजासहजी दाद न देणारा माणूस.

यात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते: आत गर आहे. कवच टणक आहे, वरवरच्या प्रयत्नांना ते जुमानत नाही, पण एकदा का फुटलं की हाताला काहीतरी लागतं आणि काम तिथे संपतं. कोडं, गणिताचं उदाहरण, न उलगडणारा गुन्हा, कोणालाही न जुमानणारा किल्ला, मनातलं ओठावर न आणणारा माणूस, या सगळ्यांना हे वर्णन चपखल बसतं. रोजची दगदग, आजारपण, वर्षानुवर्षं रेटायचं काम, या गोष्टीही कठीणच, पण त्यांना फुटणारं कवच नसतं.

यातला 'नट' म्हणजे नट-बोल्टातला का?

नाही. हा समज फार पसरलेला आहे. पान्याने न निघणारा गंजलेला नट डोळ्यांसमोर आणूनही अर्थ थोडाफार लागतो, त्यामुळे चूक लक्षातच येत नाही. इथला नट म्हणजे कठीण कवचाचं फळ: अक्रोड, हेझलनट वगैरे.

कवचासकट अक्रोड हातात घेऊन नीट पाहा. दोन वाट्या एकमेकींवर ठेवून मध्ये जोड दिल्यासारखी एक रेघ त्याच्या भोवती फिरलेली दिसते. सरळ बत्त्याने ठेचलं तर कवचाबरोबर गराचाही भुगा होतो आणि मग तुकडे वेचत बसावं लागतं. त्या जोडावर बेताने दाब दिला तर कट्कन तडा जातो आणि दोन्ही वाट्या वेगळ्या होऊन गर बऱ्यापैकी अखंड निघतो. 'क्रॅक' म्हणजे हा तडा देणं. म्हणूनच 'अ हार्ड नट टू ब्रेक' असं कोणी म्हणत नाही. मराठीत दोन्हीकडे 'फोडणे' असल्याने आपल्या हातून 'ब्रेक' सहज लिहिलं जातं, तेवढं सांभाळा.

हा वाक्प्रचार आला कुठून?

कल्पना फार जुनी आहे. ज्याला गर खायचा आहे त्याने कवच फोडलं पाहिजे, अशा अर्थाची ओळ प्लॉटस या रोमन नाटककाराच्या एका लॅटिन नाटकात आहे. प्लॉटस इसवी सनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकातला. पुढे इंग्रजीतही त्या अर्थाची म्हण रुळली.

आजच्या रूपाच्या अगदी जवळचं एक उदाहरण अमेरिकेतले लेखक आणि मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यांच्या पत्रात सापडतं. साल 1745. फ्रँकलिन फिलाडेल्फियात, भाऊ जॉन बॉस्टनमध्ये. न्यू इंग्लंड, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या इंग्रज वसाहतींमधले शेतकरी, कोळी, व्यापारी असे साधे लोक फौज बांधून आजच्या कॅनडातल्या लुईबर्ग या फ्रेंच किल्ल्यावर चालून गेले होते. फ्रँकलिन यांनी भावाला लिहिलं की तटबंदीची शहरं म्हणजे फोडायला कठीण अशी फळं, आणि तुमच्या दातांना त्याची सवय नाही. वाक्प्रचार कसा वापरावा याचा हा उत्तम नमुना आहे. नुसतं 'कठीण आहे' न म्हणता कवच आणि दात दोन्ही त्यांनी समोर आणून ठेवले.

किल्ला मात्र पडला. विल्यम पेपरेल या व्यापाऱ्याच्या हाताखालच्या त्या फौजेने ब्रिटिश आरमाराच्या मदतीने जून 1745 मध्ये तो घेतला. याचा एक धागा थेट आपल्या देशापर्यंत येतो. 1746 मध्ये फ्रेंचांनी इंग्रजांकडून मद्रास जिंकून घेतलं होतं. 1748 च्या तहात लुईबर्ग फ्रेंचांना परत मिळालं आणि त्याच्या बदल्यात मद्रास इंग्रजांकडे आलं.

किल्ल्यांना हा वाक्प्रचार अजूनही लावतात का?

लावतात, आणि मराठी वाचकाला तो किल्ल्यांवरूनच सगळ्यात पटकन समजेल असं मला वाटतं. फ्रँकलिन यांच्या पत्राच्या सहा वर्षं आधी, मे 1739 मध्ये, चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगिजांकडून वसई घेतली. तटाला सुरुंग लावावे लागले, माणसं अतोनात पडली, पण किल्ला फुटला. इंग्रजीत लिहायचं तर: 'वसई वॉज अ हार्ड नट टू क्रॅक, बट चिमाजी अप्पाज आर्मी क्रॅक्ड इट इन 1739.'

जंजिऱ्याची गोष्ट वेगळी. शिवछत्रपतींनी त्याच्यावर मोहिमा काढल्या, त्याच्या उरावर पद्मदुर्ग उभा केला. संभाजी महाराजांनी तर समुद्रात भराव घालून वाट बांधायला घेतली होती. तरीही तो पाणकोट सिद्दींच्या हातून सुटला नाही. तेव्हा वाक्य होईल: 'जंजिरा रिमेन्ड अ हार्ड नट टू क्रॅक.' क्रियापदाकडे लक्ष द्या. फुटलेल्या फळाला 'वॉज', न फुटलेल्याला 'रिमेन्ड' किंवा 'रिमेन्स'.

कोडं सुटण्याच्या अर्थाने एखादं चांगलं उदाहरण?

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण ब्राह्मी लिपीचं आहे. जरा सविस्तर सांगतो, कारण हा वाक्प्रचार ज्या प्रकारच्या अवघडपणासाठी आहे तो प्रकार यात पुरता दिसतो.

या लिपीत कोरलेले अशोकाचे स्तंभ आणि शिलालेख देशभर उभे होते आणि ते कोणालाच वाचता येत नव्हते. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने दोन स्तंभ मोठ्या खटाटोपाने दिल्लीत आणवले. त्यांच्यावर काय कोरलंय हे त्यालाही कोणी सांगू शकलं नाही. अक्षरं स्वच्छ, दगड शाबूत, आणि अर्थ बंद.

1830 च्या दशकात कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूंची पारख करणारे अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांनी हे काम हातात घेतलं. ते एशियाटिक सोसायटीचे सचिवही होते. 1837 मध्ये त्यांच्यापुढे सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावरच्या छोट्या छोट्या लेखांच्या नकला आल्या. ते लेख एकमेकांना जोडलेले नव्हते, सुटे सुटे होते. आणि त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या शेवटी तीच दोन अक्षरं होती.

प्रिन्सेप यांनी विचार केला: देवस्थानाच्या कठड्यावर, खांबावर लोक सुटं सुटं काय कोरून ठेवतील? देणगीदाराचं नाव. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर 'अमुक यांजकडून' असं आजही कोरतात, तसंच. मग शेवटचा शब्द 'दानं' असणार. आणि त्याच्या आधी वारंवार येणारं अक्षर प्राकृतातल्या षष्ठीचं 'स' असणार, म्हणजे अमक्याचं दान. एवढ्यावर द, न, स आणि अनुस्वार हाती आले. बाकीची अक्षरं भराभर जुळत गेली आणि शतकानुशतकं मुक्या असलेल्या अशोकाच्या आज्ञा वाचता येऊ लागल्या.

कार्ल्याच्या चैत्यगृहात गेलात तर खांबांवरचे ब्राह्मी लेख जरूर पाहा. तिथेही खांब दान देणाऱ्यांची नावं आहेत आणि शेवटी 'थभो दानं', म्हणजे खांबाचं दान, असे शब्द येतात. ती 'दानं'ची अक्षरं एकदा ओळखता आली की तुम्हाला स्वतःला ती पुढच्या खांबावर सापडतात.

याचं इंग्रजी वाक्य: 'द ब्राह्मी स्क्रिप्ट वॉज अ हार्ड नट टू क्रॅक अन्टिल प्रिन्सेप नोटिस्ड हाउ द सांची इन्स्क्रिप्शन्स एंडेड.' आणि सिंधू लिपी? 'द इंडस स्क्रिप्ट इज स्टिल अ हार्ड नट टू क्रॅक.' त्या मुद्रांवरचे लेख अगदी तोकडे, चार-पाच चिन्हांचे. शेजारी ओळखीच्या लिपीत तोच मजकूर दिलेला एकही लेख मिळालेला नाही. जोडाची रेघ अजून कोणाला दिसलेली नाही.

वाक्यात बसवताना व्याकरणाच्या कुठल्या चुका होतात?

सगळ्यात मोठी चूक 'अ' गाळण्याची. मराठीत असा शब्दच नसल्याने 'इट इज हार्ड नट टू क्रॅक' असं तोंडातून जातं. एकवचन असेल तर 'अ' हवाच. अनेकवचनात तो जातो: 'दीज आर हार्ड नट्स टू क्रॅक.'

'टू बी क्रॅक्ड' किंवा 'फॉर क्रॅकिंग' करू नका. कोणासाठी कठीण ते सांगायचं असेल तर ते मध्ये घाला: 'अ हार्ड नट फॉर द पोलीस टू क्रॅक.' जोर द्यायचा असेल तर 'अ व्हेरी हार्ड नट टू क्रॅक' चालतं. सुटल्यावर 'वी फायनली क्रॅक्ड इट' एवढं पुरतं, पुन्हा 'नट' आणायची गरज नसते.

उच्चारात 'नट' मराठीतल्या 'नट' सारखाच, आखूड. 'नॉट' झाला तर ऐकणाऱ्याला गाठ किंवा नकार वाटेल.

'हार्ड' बरोबर की 'टफ'?

दोन्ही. अर्थात फरक नाही. 'टफ नट' अमेरिकेत जास्त कानावर येतं आणि आपल्या वृत्तपत्रांत दोन्ही दिसतात. 'डिफिकल्ट नट' मात्र कोणी म्हणत नाही. वाक्प्रचारात शब्दाचा अर्थ जुळला म्हणून शब्द बदलता येत नाही.

माणसाबद्दल वापरलं तर अपमान होतो का?

सहसा नाही. दोन अर्थ निघतात. एक, मनाचा थांग लागू न देणारा. दुसरा, सहजासहजी न वळणारा, हार न मानणारा. खेळाच्या बातम्यांत दुसरा अर्थ कौतुकाने येतो. चेतेश्वर पुजाराने 2018-19 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात चार कसोटींत तीन शतकांसह 521 धावा केल्या आणि त्यासाठी 1258 चेंडू खेळून काढले. 'पुजारा प्रूव्ह्ड अ हार्ड नट टू क्रॅक.' त्या मालिकेबद्दल याहून नेमकं वाक्य मला सुचत नाही. स्टार्क, कमिन्स, हेझलवूड, लायन यांनी सगळं करून पाहिलं आणि तो खेळपट्टीवरून हलेना.

पण दोन पथ्यं पाळा. साहेबांबद्दल किंवा ग्राहकाबद्दल लेखी ईमेलमध्ये हे लिहू नका, तो मजकूर पुढे कोणाकडे जाईल सांगता येत नाही. आणि 'टू क्रॅक' गाळून नुसतं 'ही इज अ हार्ड नट' म्हणू नका. ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ दांडगट, मारामारीला तयार असलेला माणूस. 'ही इज अ नट' तर त्याहून वाईट. त्यात डोकं फिरल्याचा अर्थ येतो.

मग कुठे वापरू नये?

हा प्रश्न कमी जण विचारतात आणि खरं तर तोच आधी विचारायला हवा. निबंधांच्या वह्यांत अशी वाक्यं सापडतात: 'ट्रॅव्हलिंग फ्रॉम कल्याण टू सीएसएमटी एव्हरी डे इज अ हार्ड नट टू क्रॅक.' व्याकरण बिनचूक, वाक्प्रचार चुकीचा. लोकलचा प्रवास हे काही कोडं नाही. आज कसाबसा झाला तरी उद्या सकाळी तीच गर्दी, तोच धक्का. तिथे 'इट इज एक्झॉस्टिंग' हे साधं वाक्य जास्त खरं आहे.

दुसरं एक: 'माय फादर्स इलनेस वॉज अ हार्ड नट टू क्रॅक.' हे वाचून पोटात कालवतं. मुलाला सांगायचं असतं की ते दिवस फार कठीण गेले. पण वाक्यातून वडिलांचं दुखणं कोड्यासारखं समोर येतं आणि घरावर आलेली वेळ झाकली जाते. 'दोज वेअर हार्ड डेज फॉर अस' एवढंच लिहा. दुःखाला वाक्प्रचाराची सजावट लागत नाही. हेच वाक्य डॉक्टरांच्या तोंडी मात्र शोभेल: निदानच होत नसेल तर 'द डायग्नोसिस वॉज अ हार्ड नट टू क्रॅक' अगदी योग्य.

नोकरीच्या अर्जात, कायदेशीर कागदात, संशोधनाच्या अहवालात टाळाच. बोलण्यात, लेखात, बातमीत खुशाल वापरा.

कठीण कामासाठी इतर वाक्प्रचार कोणते, आणि कोणता कधी?

मागणीच अवाजवी असेल तर 'अ टॉल ऑर्डर'. महिनाभराचं काम कोणी आठवड्यात मागितलं, तर ते हे.

चढावर गाडी ढकलावी तसं सगळं विरोधात असताना रेटत राहायचं असेल तर 'अ‍ॅन अपहिल टास्क' किंवा 'अपहिल बॅटल'. निवडणुकीच्या बातम्यांत हा रोज भेटतो.

कामाचा आवाकाच अफाट असेल तर 'अ हर्क्युलियन टास्क'. ग्रीक कथांमधल्या हर्क्युलिसला बारा अचाट कामं करावी लागली, त्यावरून हा आला. कितीही केलं तरी पुन्हा पहिल्यापासून, असं असेल तर 'सिसिफियन'. सिसिफसचा दगड शिखराजवळ पोचला की पुन्हा खाली घरंगळायचा.

अमेरिकेत 'अ हार्ड रो टू हो' आहे. खुरपणीला वाट्याला आलेली पात दगडाधोंड्यांची निघाली तर जे होतं, ते. शेतात राबलेल्याला हा लगेच कळेल. याच्या जागी 'रोड टू हो' लिहिलेलं पुष्कळदा दिसतं, ते चूक.

मराठीत याला काय म्हणावं?

एकच एक नेमका वाक्प्रचार नाही, प्रसंग पाहून निवडावा लागतो. 'शिवधनुष्य पेलणे' यात जबाबदारीचं वजन आहे, ते 'टॉल ऑर्डर'च्या जवळ जातं. 'भगीरथ प्रयत्न' हर्क्युलिसच्या घरचे. 'तारेवरची कसरत' म्हणजे तोल सांभाळणं, त्याचा इथे संबंध नाही. 'लोखंडाचे चणे चावणे' यात दात आणि टणकपणा दोन्ही असल्याने शिकवताना हाच सांगितला जातो, पण त्यात भर सोसण्यावर आहे, उलगडण्यावर नाही. प्रश्नाबद्दल बोलताना 'सुटता सुटत नाही', माणसाबद्दल 'सहजासहजी बधणारा नाही', आणि कौशल्याचं काम असेल तर 'येरागबाळ्याचं काम नाही', असं मी सुचवेन.

'परीक्षा क्रॅक केली' हे बरोबर इंग्रजी आहे का?

भारतात पूर्ण रुळलेलं आहे. 'शी क्रॅक्ड द यूपीएससी' सगळे म्हणतात आणि सगळ्यांना कळतं. भारताबाहेरच्या माणसाशी बोलताना 'पास्ड' म्हणा, नाहीतर पेपर आधी फोडल्याचा संशय यायला नको.

स्पर्धा परीक्षेत यावर प्रश्न कसा येतो?

स्टाफ सिलेक्शनच्या आणि एमपीएससीच्या इंग्रजीच्या प्रश्नांत वाक्प्रचार देऊन चार पर्यायांतून अर्थ निवडायला सांगतात. इथे बरोबर पर्याय बहुधा 'अ डिफिकल्ट प्रॉब्लेम टू सॉल्व्ह' असा असतो. 'समथिंग इम्पॉसिबल' हा फसवा पर्याय. हार्ड नट फुटायला कठीण असतं, अशक्य नसतं.

शब्दसाधर्म्याने गोंधळ होईल असे आणखी दोन लक्षात ठेवा. 'इन अ नटशेल' म्हणजे थोडक्यात. 'युज अ स्लेजहॅमर टू क्रॅक अ नट' म्हणजे क्षुल्लक कामाला नको तेवढी ताकद लावणं. हा दुसरा न्यायालयातही गेलेला आहे. ब्रिटिश न्यायाधीश लॉर्ड डिप्लॉक यांनी 1983 मध्ये एका निकालात म्हटलं की साध्या अडकित्त्याने भागत असेल तर तिथे वाफेचा घण चालवू नये. सरकारने घातलेलं बंधन हेतूच्या प्रमाणात असावं, हे तत्त्व समजावताना त्यांचे ते शब्द आजही उद्धृत होतात. कायद्याच्या विद्यार्थ्यांना ते कधी ना कधी भेटतातच.

सराव कसा करावा?

दहा वाक्यं पाठ करण्याऐवजी स्वतःच्या आयुष्यातले खरे प्रसंग घ्या आणि प्रत्येकाला विचारा: यात फुटण्यासारखं काही आहे का? सुरुवातीला हे चार पाहा.

सातबारावरची जुनी नोंद कोणी, कधी घातली ते तलाठ्यालाही सांगता येत नाही. पावसाळ्यात रोज दोन किलोमीटर चिखल तुडवत शाळेत जावं लागतं. आजोबा फौजेतल्या दिवसांबद्दल कितीही विचारलं तरी तोंड उघडत नाहीत. गावच्या जत्रेसाठी दोन दिवसांत पाच हजार माणसांच्या जेवणाची सोय करायची आहे.

पहिल्याला आणि तिसऱ्याला 'अ हार्ड नट टू क्रॅक' लागेल. चौथं 'अ टॉल ऑर्डर'. दुसऱ्याला कुठलाच वाक्प्रचार लावू नका, 'आय वॉक्ड टू किलोमीटर्स थ्रू मड टू रीच स्कूल' एवढं सरळ लिहा.